नानांच्या रेझरला झालंय तरी काय?

"ह्या ब्लेडने दाढी होणं शक्य नाही. फार तर पाकीट फोडता येईल. तेही कुणी आधी थोडं फाडून दिलं तर!"

बाथरूमच्या दारामागून हे वाक्य आलं तेव्हा मी दाराला कान लावून उभी नव्हते, हे आधीच स्पष्ट करते. आमच्याकडे बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत बांधणाऱ्याने केवळ शिष्टाचार म्हणून उभी केलेली आहे. वर एक झडप आहे, ती मिटत नाही. त्यामुळे मी चहाचं आधण ठेवलं की आतला माणूस "साखर कमी घाल" असं सांगू शकतो, आणि आतला माणूस स्वतःशी जे पुटपुटतो ते मला त्याच्याआधी ऐकू येतं.

आतला माणूस म्हणजे माझे सासरे. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. कारखान्यातले लोक पाठीमागे 'मायक्रॉन' म्हणायचे. चौतीस वर्षं नानांनी टूलरूममध्ये साचे घडवले आणि मिलिमीटर हे माप त्यांना कायमच फार ढोबळ वाटत आलं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात भिंतीवर कॅलेंडर लावलं. नानांनी खुर्चीतून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "छान. डावीकडे दीड मिलिमीटर खाली आहे, पण छान." ते गेल्यावर मी पट्टी लावून पाहिलं. दीडच.

असा माणूस गेली साठ वर्षं रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या हाताने दाढी करतो. ताप असो, प्रवास असो, घराला रंग चाललेला असो. स्वतःच्या लग्नाच्या सकाळी घरी आलेल्या सलूनवाल्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं, असं सासूबाई सांगायच्या. "पातं गळ्याजवळ न्यायचं तर ते आपलं आपणच न्यावं," हे नानांचं तत्त्व. ह्यावर बोलायची सोय नाही.

आणि रेझर? तो त्यांना त्यांच्या पहिल्या फोरमनने दिला. फोरमनला कुणी दिला ते कृपा करून विचारू नका, कारण मग नाना सांगतात. रेझरचे भाग तीन: वर टोपी, मध्ये दातेरी कंगवा, खाली दांडा. टोपीच्या पोटाला तीन खुंट्या, त्यांतल्या मधलीला आटे. खुंट्यांवर ब्लेड घालायचं, त्यावर कंगवा, आणि खालून दांडा फिरवून आवळायचं. दाढी झाली की दांडा सैल केला, ब्लेड बाहेर. ब्लेड काढता-घालता येणारे जे अगदी सुरुवातीचे रेझर निघाले त्यांतला हा, असं नानांचं म्हणणं. त्याआधी लोक वस्तरा चामड्यावर घासत बसायचे.

"अगं, गंमत बघ," नाना सांगायचे, "आधी पातं म्हणजे जाडजूड पोलाद. का? तर पातळ पातं वाकतं. मग ह्या डोकेबाजाने काय केलं? पातळच घेतलं, कागदासारखं, आणि खुशाल वाकू दिलं! टोपीला बाक दिला आणि ब्लेड त्या बाकात आवळलं. आता ते वाकलंय म्हणूनच ताठ आहे. एकटं असलं की लुळं, वरून-खालून धरलं की पोलाद. ह्याला म्हणतात डिझाइन!"

हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं आहे की दळणवळण खात्याच्या परीक्षेत कुणी चुकून हा प्रश्न विचारला तर मी पैकीच्या पैकी गुण मिळवेन.

ब्लेडचं एक त्रांगडं मात्र आहे. ह्या रेझरच्या मूळ ब्लेडला तीन गोल भोकं असायची. ती ब्लेडं निघायची केव्हाच बंद झाली. आताच्या ब्लेडला मध्ये लांब फट असते. ती खुंट्यांवर बसते, पण किंचित हलते. म्हणून आवळण्याआधी रेझर डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि दोन्ही कडा सारख्या बाहेर आल्या आहेत ना, हे बघायचं. हे मला नानांनी शिकवलं, कारण अलीकडे ब्लेड बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते माझ्याकडे का आलं, ते सांगते. म्हणजे, जवळजवळ सांगते.

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरातल्या वस्तू एकाएकी जुन्या झाल्या. नानांचा कप जुना झाला, म्हणून मी दोन कानांचा मोठा कप आणला आणि त्यात चहा अर्धाच ओतू लागले, कारण जास्त चहाने पित्त होतं. शर्टांची बटणं जुनी झाली, म्हणून ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बिनबटणांचे टी-शर्ट आणले. "हल्ली सगळे हेच घालतात, नाना." चमचे उथळ निघाले, म्हणून खोलगट आले. बँकेतली सही जुळेना तेव्हा आम्ही तिघांनी, मी, हे आणि आमची कॉलेजात जाणारी लेक, एकमुखाने पेनाला दोष दिला. मग नानांच्या गालावर कापल्याच्या रेघा दिसू लागल्या. ते वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून बाहेर यायचे. एकदा हनुवटीवर हवामानाचा अंदाज होता. आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, "हल्ली ब्लेडंच चांगली येत नाहीत."

"नाहीच येत," नाना म्हणाले. आणि विषय मिटला.

मिटला असता. पण मग ब्लेड कापेनासंच झालं.

म्हणजे बघा, आधी केस सोडून गाल कापत होतं ते ब्लेड आता गालही कापेना आणि केसही कापेना. मी रोज संध्याकाळी नवं कोरं ब्लेड बसवायचे. बसवण्याआधी शिवणाचा दोरा लावून पाहायचे; दोरा नुसता टेकला की तुटायचा. आणि सकाळी सात वाजता झडपेतून पुटपुट सुरू! दाढी झाल्यावर तेच ब्लेड काढून मी दोऱ्याला लावलं, तर दोऱ्याने ब्लेडला दाद दिली नाही. बारा तास कपाटात नुसतं पडून राहिलेलं ब्लेड बोथट होतंच कसं? मला आधी ब्लेडचा संशय आला, मग कपाटाचा, मग माझ्या डोळ्यांचा. चष्मा बदलून आणला. ब्लेड तसंच.

मी कंपनी बदलली. दुसरी बदलली. चौथ्या पाकिटाला दुकानदार म्हणाला, "ताई, घरी मेंढ्या पाळल्यात का?"

खालच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. कुठल्याही विषयावर ते जिन्यात उभ्या उभ्या बोलू शकतात, आणि जिना अरुंद असल्यामुळे ऐकणाऱ्याला पर्याय नसतो. त्यांनी डोळे मिटून माझं ऐकून घेतलं आणि निदान केलं, "धातूचा थकवा."

"पण ते काही कामच करत नाही हो. नुसतं पडून असतं."

"माणसं नाही का पडून पडून थकत?"

आमच्याच घरात एक उदाहरण रविवारी दुपारभर सोफ्यावर असतं.

हे सगळं एखाद्या घरगुती कोड्यासारखं चाललं असतं, पण मध्ये पेन्शन आली. दर वर्षी ह्या महिन्यात नानांना पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी एक साहेब मान वर करून बघायचे आणि "आहात का? बरं" म्हणून शिक्का मारायचे. यंदा तिथे कॅमेरा बसवला आहे. कॅमेरा चेहरा बघतो, जुन्या फोटोशी ताडतो आणि मगच माणसाला जिवंत मानतो.

नाना कॅमेऱ्यासमोर ताठ बसले. डाव्या गालावर माळरान, उजव्या गालावर झुडपं, हनुवटीखाली घनदाट. यंत्राने 'टुंऽऽक' असा तुच्छ आवाज काढला.

"जुळत नाही," खिडकीमागच्या बाई म्हणाल्या.

"अहो, हे तेच आहेत," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"सून."

"सुनेचं चालत नाही."

"मी स्वतः इथे बसलोय ना," नाना म्हणाले.

"मला दिसताय हो, आजोबा. यंत्राला दिसायला हवात. फोटोत तुम्ही गुळगुळीत आहात. तसे होऊन या. नाहीतर सरळ पूर्ण दाढी वाढवा आणि फोटो बदलायचा अर्ज करा."

"द्या, अर्ज द्या," मी हात पुढे केला.

"त्याला चालू वर्षाचा हयातीचा दाखला जोडावा लागतो."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाना मात्र खूश दिसले. "लॉकिंग पक्कं आहे," ते हळूच मला म्हणाले. "कुठल्याच बाजूने सुटत नाही. ज्याने केलं त्याला डोकं आहे."

मग बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "आज येऊन गेल्याची सही करा. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, बारा दिवस." नानांनी पेन उचललं. कागदावर टेकवलं. परत ठेवलं.

"पेन बरोबर नाही," ते म्हणाले.

"अंगठा चालेल, आजोबा," बाई सहज म्हणाल्या. वाईट स्वभावाच्या नव्हत्या त्या.

मी घाईघाईने म्हणाले, "पेनच तसलं आहे हो तुमचं," आणि पर्समधून माझं काढून दिलं. नानांनी सही केली. खूप वेळ लागला. सही उजवीकडे चढत चढत रकान्याबाहेर गेली. रांगेतले लोक छताकडे बघत होते.

घरी येताना बसथांब्यावर नाना म्हणाले, "सूनबाई, एक दिवस, फक्त एक दिवस नीट दाढी झाली की संपलं. पण ती मी करणार. सलूनबिलून काढू नका. मी आहे हे दाखवायचंय ना? मग ते माझ्याच हाताने दाखवेन."

'एक दिवस सलून चालेल की' असं म्हणायला जीभ उचलली होती. पण बस आली.

तर असा हा माझा रेझर-प्रकल्प सुरू झाला. बारा दिवसांत रेझर दुरुस्त करायचा. मी तो मनावर घेतला, आणि मी एखादी गोष्ट मनावर घेतली की आमच्या इमारतीतले सगळे ती मनावर घेतात.

समोरच्या वहिनींनी भावाचं विजेवर चालणारं दाढीचं यंत्र आणून दिलं. "नानांना म्हणावं, नुसतं फिरवायचं. लहान मूलसुद्धा करेल." हे शेवटचं वाक्य मी गाळून निरोप दिला. नानांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, कानाशी धरलं, आणि ते चालतं कसं ते बघण्यासाठी लेकीकडून उघडून घेतलं. आत नऊ स्क्रू होते. परत बंद केलं तेव्हा आठ लागले. "नववा अनावश्यकच होता," नाना म्हणाले. यंत्र त्यानंतर एकदाच चालू झालं आणि टेबलावरून स्वतःच चालत खाली पडलं. वहिनी अजून माझ्याशी बोलतात, पण नववा स्क्रू त्यांनी शोकेसमध्ये ठेवला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

मग मी थोडा कावा केला. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला म्हटलं, तुम्हाला जुन्या रेझरांची आवड आहे असं सांगून घरी या, गप्पा मारा, आणि गप्पांच्या भरात करून टाका दाढी. तो आला. पिशवीतून पांढरं कापड डोकावत होतं, ते मी आत ढकललं. नानांनी त्याला समोर बसवलं आणि टोपी, कंगवा, दांडा असं सुरू केलं. दोन तास. मध्ये दोनदा चहा झाला. शेवटी दारात चपला घालताना तो मला कुजबुजत म्हणाला, "काकू, जमलं नाही. पण रेझर काय जबरदस्त आहे हो! कुठे मिळाला तर मलाही सांगा."

आता उरले चार दिवस. प्राध्यापकांनी जिन्यात गाठून घड्याळवाल्याचा पत्ता दिला. "बारीक कामातला राजा माणूस."

त्या दिवशी लेकीची परीक्षा होती, ती सकाळी पावणेसातलाच गेली. हे मी उगाच सांगत नाही. एरवी नानांची दाढी झाली की ती धावत जाऊन रेझर धुऊन ठेवायची. ज्या मुलीने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही ती आजोबांचा रेझर धुते, ह्या विचाराने मला भरून यायचं. संस्कार उशिरा उगवतात, असं मी माझ्या बहिणीला फोनवर सांगितलंही होतं. त्या दिवशी मात्र रेझर तसाच राहिला. नानांना फिरायला धाडून मी तो रुमालात गुंडाळला आणि घड्याळवाल्याकडे गेले.

घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे भिंतीतलं कपाट. त्यात तो, एक दिवा आणि शंभर वेगवेगळ्या वेळा. त्याने डोळ्याला भिंग लावलं, दांडा फिरवला, टोपी काढली आणि आटे दिव्याखाली धरले.

"काय झालंय त्याला?" मी विचारलं.

"त्याला काही झालं नाही. आटे बघा, काल काढल्यासारखे. पण हे ब्लेड कुणीतरी घासलंय. दगडावर नाहीतर कुंडीवर. दोन्ही कडांनी."

"घासलंय? कोण घासेल?"

"आणि हे बघा." त्याने चिमट्याने ब्लेडखालून एक पारदर्शक पट्टी उचलली. शर्टाच्या कॉलरीत येते तसल्या प्लास्टिकची, ब्लेडच्या आकारात कापलेली, मध्ये फटसुद्धा नीट. "ब्लेडपेक्षा केसभर रुंद आहे. म्हणजे गालाला आधी हे लागणार. पात्याचा कातडीशी संबंधच येणार नाही."

"मला समजलं नाही."

"म्हणजे, बाई, हा रेझर कुणीतरी दाढी होऊ नये म्हणून दुरुस्त केलाय." त्याने भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "घरात काही भांडणं आहेत का?"

"नाहीत हो," मी म्हणाले. "उलट फार प्रेम आहे."

"मग तेच असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा भिंग लावलं. पैसे घ्यायला तयार नव्हता.

मी घरी आले ती डोक्यात शंभर घड्याळं घेऊन. कोण? का? आणि एक की दोन? नवऱ्याबरोबर पंचवीस वर्षं राहिलेल्या बाईला घरातल्या चोराचा अंदाज एका मिनिटात यायला हवा. मला आला नाही. माझा संशय काही काळ प्राध्यापकांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहिले. चादर ओली होती. दहा मिनिटांनी हे आले, पायांच्या चवड्यांवर. हातात ब्लेड. खाली बसले आणि कोरफडीच्या कुंडीच्या काठावर ते ब्लेड अगदी मन लावून घासू लागले. जिभेचं टोक बाहेर काढून. लग्नानंतर इतकं मन लावून काही करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"अहो!"

हे कुंडीसकट आडवे झाले. "मी… कुंडी बघत होतो."

"ब्लेडने?"

"अगं, हळू बोल." ते उठून माती झटकू लागले. "लागतं गं त्यांना. रक्त येतं. म्हटलं, थोडी धार कमी केली तर… पण काय चमत्कार आहे, माहितेय? मी सकाळी घासून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर ब्लेड पुन्हा धारदार! तीन आठवडे हेच चाललंय. मी तर ऑफिसात विचारलं, हल्लीच्या ब्लेडांना आपोआप धार येते का म्हणून."

"मी घालते रोज नवं!"

"तू?" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "रोज?"

"ते कापत नाही म्हणून ते पुटपुटतात, म्हणून मी नवं घालते!"

"ते कापतं म्हणून मी घासतो!"

एवढ्यात बाल्कनीचं दार हळूच उघडलं. लेक. डोळ्यांत झोप, एका हातात कात्री, दुसऱ्यात कॉलरीची पट्टी. तिने आमच्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, ब्लेडकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही बोथट करत होता? मग मी कशाला रोज हे कापत बसले? एका पट्टीला वीस मिनिटं जातात! त्यात निम्म्या हरवतात, मोरीत वाहून जातात बहुतेक."

म्हणजे संध्याकाळी मी धार आणायची, सहाला ह्यांनी ती घालवायची, आणि साडेसहाला लेकीने उरलीसुरली झाकून टाकायची. आणि सातला नाना आत जाऊन साठ वर्षांची सवय म्हणून त्या निरुपद्रवी वस्तूने गाल चोळत उभे राहायचे. माझे संस्कार उशिरा वगैरे काही उगवले नव्हते. ती पुरावा धुवत होती.

"पण हे सगळं तुम्ही केलंत कशासाठी?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. तिघांनाही ठाऊक होतं. बाल्कनीत तिघंही नीट उभे राहू शकत नाहीत इतकी ती लहान आहे, आणि तरी कुणाची कुणाशी नजर भिडेना.

"कारण ब्लेडं…" हे म्हणाले.

"ब्लेडं चांगली येत नाहीत हल्ली," लेकीने वाक्य पुरं केलं.

आणि मीही, जिने दोरा लावून प्रत्येक ब्लेड तपासलं होतं, मान डोलावली.

ठरलं असं की आता कुणी काही करायचं नाही. शेवटच्या दिवशी रेझरमध्ये नवं ब्लेड असेल, खालीवर काहीही नसेल, बाकी नाना आणि त्यांचं नशीब. ते दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. मी औषधाच्या डब्यात चिकटपट्ट्या भरून ठेवल्या. ह्यांनी रजा टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, "कोरफड बघायचीय."

शेवटचा दिवस उजाडला. कचेरी दहाला उघडते. सातला पाच कमी असताना मी ब्लेड बसवलं. रेझर डोळ्यांच्या रेषेत धरला, दोन्ही कडा सारख्या केल्या, दांडा आवळला. नाना आत गेले. दार लावलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात झडपेखाली उभे राहिलो.

नळ सुटला. बंद झाला. ब्रश वाटीत फिरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पुटपुटही नाही. मला पुटपुटीची इतकी सवय झाली होती की मी झडपेखाली टाचा उंचावल्या.

"या सगळे," आतून आवाज आला. "झडपेखाली उभं राहून मान दुखेल."

आम्ही बाथरूमच्या दारात गेलो, एकामागे एक, शाळेत छडी खायला जावं तसे. नाना बेसिनसमोर स्टुलावर बसले होते, तोंडभर पांढरा फेस, त्यातून दोन डोळे. बेसिनच्या काठावर त्यांचा वापरलेल्या ब्लेडांचा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी माझ्याकडून उघडून घेतला. आत ब्लेडं नीट रचलेली. शेजारी एका पाकिटात पारदर्शक पट्ट्या. सात. प्रत्येकीवर पेनाने आकडा, अक्षर वरखाली झालेलं.

"ब्लेडबाहेर पॉइंट तीन मिलिमीटर," नाना एक पट्टी उचलून म्हणाले. "हीपण पॉइंट तीन. ही पॉइंट दोन आठ, ह्या दिवशी कात्री बोथट असावी. मोजायला मला अर्धा अर्धा तास लागला, पण मोजलं." त्यांनी नातीकडे पाहिलं. "मधली फट मात्र तू उत्तम कापतेस."

लेक रडकुंडीला आली. "आजोबा, मोरीत नव्हत्या गेल्या?"

"आणि हे." त्यांनी एक ब्लेड दिव्याकडे धरायला सांगितलं. "एका कडेला जास्त घासलंय, दुसऱ्या कडेला कमी. कोन दर वेळी वेगळा. टूलरूमवाल्याच्या मुलाला घासायचं कसं ते कळू नये? मला कापल्यापेक्षा हे जास्त लागलं."

"नाना, मी…" हे म्हणाले. "ब्लेडंच हल्ली…"

"होय, होय. आणि कपही. आणि बटणंही. आणि पेनंही." फेसाच्या आतून ते हसले की काय, कळलं नाही. "मी म्हटलं, तुम्ही एवढे तिघं मिळून रेझरच्या मागे लागलाय, तर मी कशाला मध्ये बोलू? मलाही बरंच वाटत होतं. दोष रेझरचा, तोवर चाललंय."

बाहेर कुठेतरी दूधवाल्याची सायकल वाजली. फेस त्यांच्या कानापाशी वाळायला लागला होता.

मग त्यांनी रेझर उचलला. दांडा माझ्याकडे करून पुढे धरला. टोपी त्यांच्या बोटांत होती, आणि बेसिनच्या काठावर टकटक, टकटक असा बारीक आवाज होत होता. तो कशाचा आवाज आहे हे तिघांनाही ऐकू येत होतं. मला वाटलं, त्यांना ब्लेड तपासून हवंय. मी लगबगीने वाकून बघितलं. माझ्यापुरतं मी एवढं तरी नीट करत आले होते.

"सरळ बसलंय, नाना. दोन्ही बाजूंनी सारखं. आत्ताच बघितलंय मी."

"ब्लेड सरळच आहे गं," नाना म्हणाले. "तू बसवलेलं कायम सरळच असतं. हात थरथरतो माझा. तू कर."